पंचेचाळीस ग्रॅमसाठी

काट्यावर आधी जुना बोल्ट ठेवला. ५ मिलिमीटर जाडीचा, १६ मिलिमीटर लांबीचा, साधा पोलादी, डोक्यावर गंज चढलेला. आकडा आला ३.८ ग्रॅम. तो उचलून त्याच मापाचा टायटॅनियमचा ठेवला, तर २.१. सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांनी काहीच न बोलता दोन्ही बोल्ट समोरच्या तरुणाच्या तळहातावर ठेवले. हातात घेतल्यावर फरक लगेच जाणवतो, डोळे मिटूनही कोणता कुठला ते सांगता येतं. टायटॅनियमची भुरळ पडते ती याच क्षणी.

तरुण अलिबागचा. रोज पहाटे समुद्राकडच्या रस्त्यानं सायकल चालवतो आणि वर्षातून एकदा पुण्यात काकांच्या वर्कशॉपमध्ये ती पूर्ण उघडून घेतो. या वेळी सोबत पिशवी होती: स्टेमचे ६ बोल्ट, दोन डिस्क रोटरचे १२, ब्रेक कॅलिपरचे ४, बॉटल केजचे ४, सीटपोस्टच्या क्लॅम्पचे २. सगळे टायटॅनियमचे, निरनिराळ्या विक्रेत्यांकडून ऑनलाइन मागवलेले. एवढ्या पैशांत रस्त्यावरच्या सायकलचा एक उत्तम टायर आला असता. मी माझी सायकल घेऊन गेलो होतो, पण हे काम चालू झालं आणि मी स्टूल ओढून बसलोच. टायटॅनियमवर पैसे घालावेत का, हा प्रश्न सायकलवाल्यांच्या गप्पांत सतत निघतो. त्याचं उत्तर एका सायकलवर, एकेका बोल्टानं मिळताना बघायची संधी सोडवत नव्हती.

आधी वजनाचा हिशेब संपवू, कारण तो सोपा आहे. हे सगळे अठ्ठावीस बोल्ट बदलले तर सायकल चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमनं हलकी होते. बाटलीतल्या पाण्याचा एक मोठा घोट. चालवणारा, सायकल, पाणी, हवेचा पंप असं सगळं मिळून ८५ किलो धरा. त्यातले ४५ ग्रॅम म्हणजे हजारात अर्धासुद्धा जेमतेम. सिंहगडाचा चढ कुणी पन्नास मिनिटांत चढत असेल, तर तेवढ्याच ताकदीत त्याचा दीड सेकंद वाचेल, तोही सगळी मेहनत फक्त वजन वर नेण्यात जाते असं मानलं तर. शर्यतीत उतरणाऱ्यांनाही या दीड सेकंदाचा मोह धरायचं फारसं कारण उरलेलं नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं २००० सालापासून शर्यतीच्या सायकलचं किमान वजन ६.८ किलो ठरवून दिलं आहे आणि आजची चांगली कार्बन सायकल पोलादी बोल्ट ठेवूनही त्या आकड्याच्या आसपास येते.

मग हा धातू एवढा महाग का, आणि महाग असूनही लोक त्याच्यामागे का? टायटॅनियम दुर्मीळ नाही. पृथ्वीच्या कवचात विपुलतेच्या क्रमानं तो नववा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळसर चमकणारी वाळू ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी त्याचं खनिज पाहिलेलंच आहे. त्या वाळूत इल्मेनाइट असतं, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. अडचण पुढे आहे. टायटॅनियमची ऑक्सिजनशी पकड इतकी घट्ट की लोखंडासारखं भट्टीत कोळशाबरोबर घालून तो सुटत नाही. आधी क्लोरीन वापरून त्याचं टेट्राक्लोराइड करायचं, मग हवा पूर्ण वगळलेल्या भांड्यात वितळलेल्या मॅग्नेशियमशी त्याची क्रिया घडवायची. मग हाती येतो तो सच्छिद्र धातू, स्पंज. तो निर्वात भट्टीत वितळवून त्याच्या लाद्या करायच्या. विल्यम क्रोल यांनी १९४०च्या सुमारास बसवलेली ही पद्धत आजही तशीच चालते, थांबत थांबत, एकेका खेपेनं. आपल्याकडे केरळात चवरा इथे असा स्पंज तयार होतो, तो मुख्यतः अवकाश आणि संरक्षणाच्या कामासाठी. ही किंमत अशी श्रमाची, विजेची आणि वेळेची आहे.

पुढचं काकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी भोसरीच्या एमआयडीसीत लेथवर काढली. “पोलाद कापताना उष्णता किसाबरोबर निघून जाते,” ते म्हणाले. “हा उष्णता सोडतच नाही. सगळी टूलच्या टोकावर. वेग कमी ठेवायचा, कूलंट सोडत राहायचं, आणि टूल बोथट झालं की लगेच बदलायचं. बारीक कीस साठू द्यायचा नाही, पेट घेतो.” त्यांनी एक बोल्ट भिंगाखाली धरून आटे दाखवले. आटे दोन तऱ्हांनी पाडतात. कापून, किंवा दाबून, म्हणजे धातू दोन साच्यांमध्ये रोल करून. दाबलेल्या आट्यांच्या खाचा गुळगुळीत असतात आणि ताण पुन्हापुन्हा आला तरी टिकतात. कापलेल्या आट्यांत सूक्ष्म ओरखडे राहतात, आणि टायटॅनियमला ओरखडा सोसत नाही, तडा तिथूनच सुरू होतो. स्वस्त बोल्टांत वाचवलेला पैसा बहुतेक वेळा इथलाच असतो.

पिशवीतल्या रोटरच्या बोल्टांवर मोरपंखी झळाळी होती. टायटॅनियमवर असा रंग खरोखर चढतो, आणि तोही रंगद्रव्य न वापरता. द्रावणात बुडवून वीज सोडली की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा वाढतो. पापुद्र्याची जाडी व्होल्टेजवर ठरते आणि जाडीवरून रंग: आधी सोनेरी तपकिरी, मग निळा, पिवळा, गुलाबी, शंभर व्होल्टच्या आसपास हिरवा. पण रंगीत आहे म्हणून तो टायटॅनियम आहे असं नाही. असा दिसणारा लेप स्टेनलेस स्टीललाही देता येतो. काकांनी सहा बोल्ट एकत्र काट्यावर ठेवले आणि आकडा बघून मान हलवली. लोहचुंबकाचा इथे उपयोग नसतो, कारण बरंचसं स्टेनलेस चुंबकाला दाद देत नाही. त्यांनी एक बोल्ट पकडीत धरून ग्रायंडरला लावला. नारिंगी-पिवळ्या ठिणग्या उडाल्या. मग स्टेमच्या बोल्टांबरोबर जादा आलेला एक लावला. त्या ठिणग्या लख्ख पांढऱ्या होत्या, डोळे दिपवणाऱ्या. एकदा दोन्ही शेजारी पाहिल्या की पुन्हा चुकायला होत नाही. बाराच्या बारा रोटर-बोल्ट बाजूला गेले. तरुणाचा चेहरा उतरला आणि मला मनापासून वाईट वाटलं, कारण पैसे त्यानं टायटॅनियमचेच मोजले होते.

कॅलिपरचे चार काकांनी पिशवीतून काढलेच नाहीत. बोल्टांच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. टायटॅनियम ‘पोलादाएवढा मजबूत’ असं सर्रास म्हटलं जातं, पण कोणत्या पोलादाएवढा? बोल्टाच्या डोक्यावर १२.९ कोरलेलं असेल, तर ते पोलाद सुमारे १२०० मेगापास्कल ताण सोसून मग तुटतं. बोल्टांसाठी वापरतात तो टायटॅनियमचा मिश्रधातू, ज्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं, साधारण ९०० ते ९५० वर तुटतो. नेहमीचा स्टेनलेस बोल्ट ७०० वर. म्हणजे हलकेपणाचा विचार केला तर टायटॅनियम पुढे, पण त्याच मापाच्या बोल्टात निव्वळ ताकद पाहिली तर चांगलं पोलाद पुढे. घाट उतरताना ज्याच्या भरवशावर ब्रेक दाबायचा, तिथे निर्मात्यानं दिलेला बोल्ट काढून अनोळखी बोल्ट घालायचा नाही, असं काकांनी सांगितलं. चार बोल्टांमागे सात-आठ ग्रॅमचा फायदा. मला ते शंभर टक्के पटतं.

मग खरं काम सुरू झालं, स्टेमचं. हँडलबार धरून ठेवणारे हे बोल्ट नेमके चालवणाऱ्याच्या हनुवटीखाली. घामाचे थेंब थेट त्यांच्यावर पडतात, वरून किनाऱ्यावरची खारी हवा. जुन्या सहांपैकी दोघांच्या डोक्यातलं षटकोनी भोक गंजून गोल झालं होतं. ॲलन की नुसती फिरत होती. काकांनी भेदक तेल सोडलं, वाट पाहिली, मग किंचित मोठी टॉर्क्स की हातोडीनं ठोकून बसवली आणि हळूहळू पिळून दोन्ही बाहेर काढले. टायटॅनियमची बाजू घ्यावी ती या जागी. समुद्राचं पाणी त्याचं काही बिघडवू शकत नाही. पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर ओरखडला तरी हवेत क्षणात पुन्हा धरतो. स्टेनलेसनंही पुष्कळ काम होतं आणि त्याची किंमत फार कमी असते, पण खाऱ्या हवेत त्यावरही डाग आणि खड्डे पडतात, शिवाय ताकद कमी. अलिबागच्या, रत्नागिरीच्या, मुंबईच्या सायकलच्या स्टेमवर टायटॅनियमचे सहा बोल्ट ही उधळपट्टी नव्हे.

बसवण्याच्या कामात मात्र हाताची घाई चालत नाही. स्टेम ॲल्युमिनियमचा. टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की झीज ॲल्युमिनियमची होते. शिवाय टायटॅनियमचे आटे कोरडे घासले गेले की समोरच्या धातूला चिकटतात, आणि बोल्ट असा जाम होतो की पुढेही जात नाही, मागेही येत नाही. काकांनी बारीक ब्रशनं एकेक भोक साफ केलं, फडक्यानं कोरडं केलं, प्रत्येक बोल्टाच्या आट्यांना अँटी-सीझ पेस्टचा पातळ हात दिला. मग बोटानं, अवजार न लावता, शेवटपर्यंत फिरवला. अडखळला तर काढून पुन्हा. त्यानंतर टॉर्क रेंच, समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून, थोडं थोडं, स्टेमवर छापलेल्या ५ न्यूटन-मीटरपर्यंत. टक् असा आवाज आला की थांबायचं.

“हातानं घट्ट करणाऱ्याला हा फसवतो,” काका त्या तरुणाला म्हणाले. “पोलादी बोल्ट आवळला की दगडासारखा थांबतो. हा अजून येतोय, अजून येतोय असं वाटत राहतं. मग एक पिळा जास्त देतोस, आणि संपलं.” त्याचं कारण शास्त्रातच आहे: टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या साधारण निम्मा, म्हणून तेवढ्याच ताणाला तो दुप्पट लांबतो. पेस्टमुळे घर्षण कमी झालेलं असतं, त्यामुळे त्याच पिळाला बोल्टावर ताणही जास्त येतो. टॉर्क रेंच नसेल त्यानं हा बोल्ट विकत घेऊ नये.

हाच निम्मा ताठपणा सीटपोस्टमध्ये गुण ठरतो असं सांगितलं जातं. माझ्या सायकलला बरीच वर्षं टायटॅनियमचा सीटपोस्ट आहे, कार्बनच्या फ्रेममध्ये. ब्रेव्हेला, म्हणजे लांब पल्ल्याच्या राइडला, शेवटच्या शंभर किलोमीटरमध्ये पाठीला त्याचा आराम जाणवतो, हे मी खात्रीनं सांगतो. पण त्या आरामाचं सगळं श्रेय धातूला देणं बरोबर नाही. नळीचा ताठपणा तिच्या व्यासावर फार अवलंबून असतो. भिंत तेवढीच जाड असेल तर ३१.६ मिलिमीटरचा पोस्ट २७.२च्या पोस्टपेक्षा दीडपटीहून अधिक ताठ. जाड पोस्ट असलेल्या फ्रेममध्ये टायटॅनियम घालून फार काही हाती लागणार नाही. आणि २५ मिलिमीटरचा टायर काढून ३२चा घातला, हवा कमी ठेवली, तर खड्ड्यांचा मार जितका कमी होतो तितका कोणताच सीटपोस्ट करू शकत नाही. माझ्या पोस्टचा खरा उपयोग मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. कार्बन फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट घाम आणि पावसाच्या पाण्यानं गंजून फुगतो आणि अडकून बसतो. करवतीनं कापून काढलेले असे पोस्ट याच वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडलेले आहेत. टायटॅनियमचं कार्बनशी वैर नाही.

कॅसेटचा विषय तरुणानंच काढला. शिमानोच्या ड्युरा-एस कॅसेटमध्ये मोठ्या चाक्या टायटॅनियमच्या असतात, ती घ्यावी का? काकांनी त्याची आत्ताची पोलादी कॅसेट दाखवली. पावसाळ्यात चेनला चिकटलेल्या लाल मातीनं दात घासले गेले होते, तरी अजून चालणारी. टायटॅनियमचे दात घासण्याला पोलादापेक्षा कमी टिकतात. कोकणातल्या आणि घाटातल्या मातीत, रोजच्या सायकलला ती कॅसेट घेणं म्हणजे लवकर संपणाऱ्या वस्तूला कितीतरी जास्त पैसे देणं. शर्यतीच्या दिवसापुरतं दुसरं चाक ज्याच्याकडे आहे त्यानं घ्यावी.

संध्याकाळपर्यंत सायकल उभी राहिली. अठ्ठाविसातले बारा लागले: स्टेमचे सहा, क्लॅम्पचे दोन, बॉटल केजचे चार. केजचे चार मला विचारलं असतं तर स्टेनलेसच ठेवले असते, तिथे ताण नाहीच.

तुम्ही घ्यायच्या विचारात असाल तर पैसे या क्रमानं घाला. आधी चांगले टायर. सामान्य आणि उत्तम टायरच्या जोडीत दहा वॅटचा फरक सहज पडतो आणि तो चढावर, सपाटीवर, रोज मिळतो. मग टॉर्क रेंच आणि अँटी-सीझ. त्यानंतर समुद्राजवळ राहत असाल किंवा घाम फार येत असेल तर स्टेमचे सहा बोल्ट टायटॅनियमचे घ्या, दाबलेल्या आट्यांचे, निर्माता कोण हे कळेल अशा ठिकाणाहून, आणि एक जादा मागवा, ग्रायंडरवर धरून पाहायला. ब्रेकच्या बोल्टांना हात लावू नका.