मेणबत्तीच्या उजेडातला फोकस

स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘बॅरी लिंडन’ (१९७५) अठराव्या शतकात घडतो. तेव्हा रात्री घरात उजेड असायचा तो मुख्यतः मेणबत्त्यांचा, म्हणून कुब्रिक यांनी काही प्रसंग विजेच्या दिव्यांशिवाय, मेणबत्त्यांवरच चित्रित केले. त्यासाठी वापरलेली झाइसची लेन्स मुळात नासाच्या चांद्रमोहिमेसाठी बनलेली होती : ५० मिलिमीटर, एफ/०.७.

एफचा हा आकडा म्हणजे फोकल लेंग्थला, म्हणजे इथल्या ५० मिलिमीटरला, अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या भोकाच्या, व्यासाने भागून येणारे उत्तर. इथे भोक ७१ मिलिमीटरचे. एफ/१६ ला ते जेमतेम तीन मिलिमीटर उरते. आकडा लहान तितके भोक मोठे, नवशिक्यांचा घोळ होतो तो इथेच.

मोठे भोक भरपूर प्रकाश देते, पण त्याची किंमत वसूल करते. अचूक फोकस एकाच अंतरावर साधतो. एखाद्या बिंदूचा प्रकाश भोकभर पसरून आत येतो आणि शंकूसारखा निमुळता होत एका टोकाला मिळतो. वस्तू थोडी मागेपुढे झाली की ते टोक फिल्मवर न पडता अलीकडे-पलीकडे पडते आणि फिल्मवर बिंदूऐवजी ठिपका उमटतो. भोक मोठे असेल तर शंकू पसरट, ठिपकाही मोठा. भोक लहान असेल तर ठिपका इतका बारीक राहतो, की डोळा त्याला बिंदूच समजतो. डोळ्याची अशी समजूत जिथपासून जिथपर्यंत टिकते, ती डेप्थ ऑफ फील्ड.

नट दोन मीटरवर असेल, तर एफ/०.७ ला ती सहा-सात सेंटिमीटरच भरते. तो जरा पुढे झुकला की डोळे धूसर! फोकस सांभाळणाऱ्या डग मिल्सम यांनी बाजूने काटकोनात एक व्हिडिओ कॅमेरा लावला आणि नटाचे अंतर ते टीव्हीच्या पडद्यावर पाहत राहिले. त्या संथ, देखण्या दृश्यांमागचे हे कष्ट मला फार मोलाचे वाटतात. एफ/१६ ला हीच डेप्थ ऑफ फील्ड साधारण दीड मीटरपासून तीन मीटरच्या पुढे जाते.

मग भोक बारीकच करत का जाऊ नये? कारण अरुंद भोकातून जाताना प्रकाश स्वतःच पसरतो. एफ/२२ च्या आसपास या विवर्तनाने सगळाच फोटो किंचित मऊ पडतो.

लहान भोक रोज हाताशी असते ते फोनमध्ये. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ सहा-सात मिलिमीटरच्या घरात असते, एफ/१.८ असूनही भोक चार मिलिमीटरच्या आतच. म्हणून माणूस आणि त्यामागचे झाड दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी सॉफ्टवेअर अंदाजाने घालते, आणि कानाजवळची केसांची बट त्या अंदाजात पुष्कळदा पुसली जाते.