विश्लेषण : स्मार्टवॉचवरील कोणता आकडा खरा मानायचा?

दिवाळीत मुलीने भेट दिलेले स्मार्टवॉच, सकाळच्या फेरीत एकमेकांना दाखवली जाणारी पावले, मध्यरात्री ‘ठोके वाढले आहेत’ असा आलेला इशारा... हे आता घरोघरचे चित्र आहे. हजार-दीड हजार रुपयांचे घड्याळही हृदयाचे ठोके, ऑक्सिजन, झोप, रक्तदाब आणि काही वेळा रक्तातील साखर सांगण्याचा दावा करते. यातील काही आकडे भरवशाचे आहेत, काही अंदाजाचे, तर काही दिशाभूल करणारे. हा फरक माहीत नसेल तर पैशांबरोबर प्रकृतीचेही नुकसान होऊ शकते.

घड्याळाला ठोके कसे कळतात?

घड्याळाच्या मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटातील रक्त क्षणभर वाढते आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. सेन्सर हा चढ-उतार टिपतो आणि त्यावरून ठोके मोजतो. या पद्धतीला फोटोप्लेथिस्मोग्राफी किंवा ‘पीपीजी’ म्हणतात. माणूस शांत बसलेला किंवा झोपलेला असताना ती चांगली चालते. पट्टा सैल असेल, हात सतत हलत असेल, थंडीने त्वचेखालचा रक्तपुरवठा कमी झाला असेल किंवा सेन्सरखाली टॅटू असेल, तर आकडा चुकू शकतो.

पावले आणि कॅलरी कितपत अचूक?

पावले हाताच्या हालचालीवरून मोजली जातात. त्यामुळे खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकी चालवल्यावरही काही घड्याळांत पावले वाढतात. रोजची साधारण तुलना करायला मात्र हा आकडा पुरेसा आहे. कॅलरींचे तसे नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरील सात उपकरणे तपासली. त्यांपैकी सहांनी ठोके पाच टक्क्यांच्या फरकात मोजले. कॅलरी मात्र एकालाही नीट मोजता आल्या नाहीत. त्यातल्या त्यात बऱ्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के होती, तर सर्वात वाईट उपकरणाची ९३ टक्के. म्हणजे ‘४०० कॅलरी जाळल्या’ असे वाचून वडापाव खाणाऱ्याचा हिशेब हमखास चुकणार.

दहा हजार पावलांचे उद्दिष्ट कुठून आले?

हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. जपानमध्ये १९६५ मध्ये एका कंपनीने पावले मोजणारे यंत्र विक्रीला आणले. त्याचे नाव होते ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावले मोजणारे यंत्र. पुढे तेच जगभर उद्दिष्ट बनले. चालणे चांगलेच आहे, पण सात हजारांवर थांबलेल्या ज्येष्ठाने दिवस वाया गेला असे मानण्याचे कारण नाही.

मग खरा उपयोग कशात?

सर्वात मोठी आशा आहे ती हृदयाच्या अनियमित ठोक्यांबाबत. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात हृदयाचे वरचे कप्पे थरथरतात, रक्ताची गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. अनेकदा रुग्णाला काहीच जाणवत नाही. ॲपल आणि स्टॅनफर्ड यांच्या पाहणीत ४ लाख १९ हजारांहून अधिक लोक सहभागी झाले होते. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. इशारा फक्त ०.५२ टक्के लोकांना मिळाला. इशाऱ्यानंतर ज्यांची छातीवर पॅच लावून तपासणी झाली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांमध्ये हा विकार आढळला. हा विकार येतो-जातो, त्यामुळे इतरांचे इशारे खोटेच होते असेही म्हणता येत नाही. इशारा वारंवार येत असेल तर घाबरून न जाता डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्यावा.

घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखते का?

नाही. काही महागड्या घड्याळांत ईसीजीची सोय असते, पण तो एकाच बाजूने घेतलेला आलेख असतो. रुग्णालयातील ईसीजी हृदयाचे १२ बाजूंनी चित्र देतो. त्यामुळे छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, डावा हात किंवा जबडा दुखत असेल आणि घड्याळ ‘सर्व सामान्य’ म्हणत असेल, तरी रुग्णालय गाठावे. घड्याळ बघत घालवलेला वेळ जिवावर बेतू शकतो.

साखर आणि रक्तदाबाचे काय?

त्वचेला टोचल्याशिवाय साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या एकाही स्मार्टवॉच किंवा स्मार्ट अंगठीला मान्यता दिलेली नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले. चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिन घेतले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्वचेखाली बारीक तार असलेल्या सेन्सरचे आकडे घड्याळावर दिसणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मोजणी सेन्सर करतो, घड्याळ फक्त दाखवते.

रक्तदाबाबाबतही सावध राहावे. सॅमसंगच्या घड्याळात ही सोय वापरण्यासाठी दर चार आठवड्यांनी दंडावर पट्टा बांधण्याच्या यंत्राशी आकडे जुळवून घ्यावे लागतात. अशी कोणतीही जुळवणी न मागता थेट रक्तदाब सांगणाऱ्या स्वस्त घड्याळावर विसंबून गोळी बंद करू नये किंवा वाढवू नये.

ग्राहकांचा उत्साह ओसरतो आहे?

आयडीसी या बाजार संशोधन संस्थेनुसार २०२३ मध्ये भारतात सुमारे ५.३ कोटी स्मार्टवॉच बाजारात आली. २०२४ मध्ये ही संख्या सुमारे ३.५ कोटींवर घसरली. स्वस्त घड्याळांत नवे काही मिळत नसल्याने अनेकांना पुन्हा खरेदी करावीशी वाटत नाही. आकड्यांचा ताण हेही एक कारण असते. झोपेचा ‘स्कोअर’ चांगला यावा या काळजीनेच झोप उडण्याच्या प्रकाराला संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले.

माहिती कुठे जाते?

ठोके, झोप, चालण्याचा मार्ग ही सर्व माहिती ॲपमार्फत कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ शकते. २०१८ मध्ये ‘स्ट्राव्हा’ या व्यायामाच्या ॲपने प्रसिद्ध केलेल्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याचे मार्ग दिसले आणि त्यातून लष्करी तळांचे आराखडे उघड झाले. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. तरीही ॲप संपर्क यादी, कॅमेरा किंवा ठिकाणाची परवानगी मागत असेल, तर ती खरेच हवी आहे का, हे वापरणाऱ्यानेच पाहिले पाहिजे.

खरेदी करताना काय पाहावे?

ईसीजी किंवा रक्तदाबाची सोय हवी असेल, तर तिला भारतात मान्यता आहे का, हे तपासावे. खोक्यावर किंवा ॲपमध्ये ‘हे वैद्यकीय उपकरण नाही’ असे लिहिलेले असेल, तर ते गांभीर्याने घ्यावे. घरात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी पडल्यास आपोआप फोन लावणारी सोय उपयोगी ठरते. ती सुरू करून आपत्कालीन क्रमांक भरून ठेवावा. घड्याळ बोटभर वर आणि घट्ट बांधावे. एका दिवसाच्या आकड्याऐवजी महिन्याभराचा कल पाहावा. विश्रांतीतील ठोके काही आठवडे सतत वाढलेले दिसले, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. निदान आणि औषध मात्र त्यांच्यावरच सोपवावे.