काळं सांडतं की पांढरं

रघु राय यांनी 1995 साली चर्चगेट स्टेशनात काढलेलं एक कृष्णधवल छायाचित्र बहुतेकांच्या नजरेखालून कधी ना कधी गेलेलं असतं. फलाटावर गर्दीचा लोंढा आहे, पण त्याला चेहरेच नाहीत, नुसता करडा धूर वाहतोय. आणि त्या धुराच्या मधोमध काही माणसं निवांत पेपर वाचताहेत, अगदी रेखीव. मुंबईकराला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. तंत्र म्हणाल तर सोपं: कॅमेरा हलू द्यायचा नाही, शटर सावकाश ठेवायचं, जो हलेल तो पुसला जाईल. तरीही याच तंत्राने काढलेले बरेचसे फोटो नुसते हललेले वाटतात. त्यात मन लागत नाही.

माझं मत असं, की धूसरपणा किती आहे याला फारसं महत्त्व नाही. चित्रात काळं पांढऱ्यात सांडलंय की पांढरं काळ्यात, यावर सगळा भाव ठरतो.

हे उघड्या मैदानात पाहायचं तर वारीत जावं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढते तेव्हा आभाळ बहुधा भरलेलं असतं, आणि ते फोटोग्राफरच्या पथ्यावर पडतं. लख्ख उन्हात आयएसओ 100 आणि एफ/16 ला शटर 1/125 च्या आसपास जातं. दाट ढग आले की तेच 1/15 वर येतं. वर पोलरायझर लावला की 1/4 ते 1/8 सेकंद सहज मिळतात. चालणारा माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर पुढे सरकतो. म्हणजे 1/8 सेकंदात तो वीतभरही हलत नाही. चेहरा पुसट होतो, पण बाई कोण आणि बुवा कोण ते कळतं. अर्धा सेकंद ठेवलात तर तो दोन फूट जातो आणि त्याचं बाष्प होतं.

पण सगळ्याचं होत नाही, आणि मजा इथेच आहे. चालताना एक पाय कायम जमिनीवर टेकलेला असतो. पाऊण माणूस विरघळला तरी तो टेकलेला पाय जागेवर असतो, चपलेच्या अंगठ्यासकट. असे फोटो जवळून बघा: वर नुसतं धुकं आणि खाली रस्त्यावर रोवलेली पावलं. चालण्याची गोष्ट हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा ही पावलं जास्त खरी सांगतात, असं मला वाटतं.

आता रंगांचं बघू, कारण कृष्णधवल चित्रातही रंगच कामाला येतात. भिंगापुढे लाल फिल्टर चढवला की घाटातली हिरवळ काळवंडते आणि भगव्या पताका जवळजवळ पांढऱ्या होतात. वर तीनेक स्टॉप प्रकाश कमी होतो, म्हणजे शटर आणखी सावकाश करता येतं. काळ्या डोंगरासमोरून पांढरं धोतर, पांढरी टोपी, उजळ पताका गेली की ती मागे रेघ सोडते, कारण अंधारावर प्रकाश साठत जातो. याच्या उलट आभाळाकडे कॅमेरा करून काळी छत्री टिपा. छत्री हलली की तिच्या कडा आभाळ खाऊन टाकतं. मागे रेघबिघ काही राहत नाही, नुसता एक आजारी करडा डाग. पहिल्या चित्रात गती दिसते, दुसऱ्यात नाहीसं होणं. वारीला पहिलं शोभतं. स्मशानयात्रेला कदाचित दुसरं.

बेलवाडीच्या गोल रिंगणात अश्व धावतो तेव्हा मात्र कॅमेरा स्थिर ठेवून भागत नाही. 1/30 ला त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवायचा. घोड्याची मान साधते, पाय पुसतात, मागची गर्दी आडव्या रेघांत ओढली जाते. याला पॅनिंग म्हणतात. त्याविषयी इतकं पुरे. ते सरावाने जमतं.

काळ्या-पांढऱ्याचा हा फरक दोन फोटोग्राफरांच्या कामात नीट दिसतो. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन 1815 साली कोलकात्यात जन्मली आणि वयाच्या 48 व्या वर्षी तिच्या हाती कॅमेरा आला. काचेच्या ओल्या प्लेटवर कित्येकदा मिनिटांच्या हिशेबात एक्स्पोजर चाले, समोरचा माणूस श्वास घेई, हले, आणि तिचा फोकसही मुद्दाम मऊ असे. तेव्हाच्या टीकाकारांनी तिच्या फोटोंना गचाळ ठरवलं. तिच्या चेहऱ्यांवरचा उजेड अंधारात अलगद मिसळतो, म्हणून ते पवित्र वाटतात. सोव्हिएत संघ कोसळल्यावर अलेक्सेई तितारेन्कोने 1992 च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गमध्ये मेट्रो स्थानकाच्या पायऱ्यांवरची गर्दी सावकाश शटरने टिपली. माणसं उरलीच नाहीत, काळा चिखल जिना चढतोय असं वाटतं. कठड्यावर टेकलेले हात तेवढे ओळखू येतात. इथे काळं सांडलंय. धूसरपणा दोघांकडेही आहे, पण एका चित्रापुढे हात जोडावेसे वाटतात आणि दुसऱ्यापुढे धस्स होतं.

हा फरक हाताने करून बघायचा तर डार्करूममध्ये शिरावं लागतं. पुण्यात अजूनही स्वतः प्रिंट काढणारे काही जण आहेत. त्यांच्यातल्या एका ज्येष्ठ प्रिंटरच्या शेजारी उभं राहून मी हे पाहिलं. भरतकामाच्या रिंगवर काळा नायलॉनचा पायमोजा ताणून बसवलेला. एकूण एक्स्पोजर वीस सेकंदांचं, त्यातली आठ सेकंदं ही रिंग एन्लार्जरच्या भिंगाखाली धरायची आणि सारखी हलवत राहायची. मी धरली तेव्हा ते म्हणाले, "थांबवू नकोस रे, जाळी उमटेल." पायमोज्याने कॉन्ट्रास्ट उतरतो, म्हणून कागद एक ग्रेड कडक घेतलेला.

हाच पायमोजा फोटो काढताना कॅमेऱ्याच्या भिंगावर ताणला असता तर दिव्याभोवती, पांढऱ्या केसांभोवती प्रभा पसरली असती, जुन्या सिनेमातल्या नायिकेसारखी. कारण तिथे पसरतो तो उजेड. एन्लार्जरखाली गणित उलटतं. निगेटिव्हवर सावलीची जागा पारदर्शक असते, त्यामुळे सगळ्यात जास्त प्रकाश तिच्यातूनच खाली येतो आणि कागदावर काळं करतो. पायमोजा पसरवतो तो हा प्रकाश, म्हणजे काळं. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद हलवताना ते दिसत होतं. आधी दाराची चौकट आली, मग खिडकी, आणि तिच्या पांढऱ्या उजेडात कडेकडेने काजळी शिरू लागली. त्याच निगेटिव्हची साधी प्रिंट शेजारी वाळत होती. तीत एक म्हातारी खिडकीत बसली होती, इतकंच. काजळी शिरलेल्या प्रिंटमध्ये तिची संध्याकाळ झाली होती.

मग मोबाइलमध्ये बोटाने ओढायचा ब्लर वाईट का? वाईट नाही, पण त्यात एक उणीव आहे. जेपीईजी फाइलमध्ये पांढऱ्याची कमाल किंमत 255. रस्त्यावरचा दिवा प्रत्यक्षात भिंतीपेक्षा शेकडो पट प्रखर असला तरी फाइलमध्ये त्याचे 255 च उरतात. भिंगातून दिवा पसरतो तेव्हा तो प्रखर राहूनच पसरतो. फाइलमध्ये पसरवला की राखाडी होतो. म्हणून ते चित्र मऊ होतं, पण पेटत नाही. करायचंच असेल तर रॉ फाइल घ्या आणि ब्लर आधी, टोन नंतर, या क्रमाने जा.

पालखीला जाणार असाल तर एवढं करा: लाल फिल्टर, 1/8 सेकंद, कॅमेरा दगडावर टेकवलेला, मागे काळा डोंगर, आणि चौकटीत न हलणारं एक तरी माणूस. विसाव्याला टेकलेली एखादी म्हातारी पुरते. फोटो काढण्याआधी तिला विचारा मात्र.