जुन्या जावाची मंद चाल

मोटारसायकल उभी आहे, गियर पडलेला नाही, मुठीवरचा हात काढून घेतला आहे; अशा वेळी इंजिन ज्या संथ गतीने स्वतःपुरते चालत राहते, तिला मिस्त्री लोक ‘आयडलिंग’ म्हणतात. आपण तिला मंद चाल म्हणू. ही चाल कधी आपोआप चढते, कधी उतरत उतरत इंजिन बंदच पडते, तर कधी दोहोंमध्ये हेलकावे खाते. असे झाले की बहुतेक जण स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरशी झटू लागतात. तो स्क्रू सर्वांत शेवटी हाती घ्यावा, असे माझे मत आहे. आणि ते का, हे म्हैसूरच्या जुन्या जावाकडे पाहिले म्हणजे चांगले उमगते.

म्हैसूरच्या यादवगिरी भागातील आयडियल जावा या कारखान्यातून 1961 पासून, चेकोस्लोव्हाकियातील मूळ कंपनीच्या परवान्याने, 250 सी. सी.ची ही गाडी बाहेर पडू लागली. पुढे तिला ‘येझ्दी’ हे नाव मिळाले. 1996 साली कारखाना बंद झाला. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझ्दी ही नावे बाजारात परतली, पण ती सर्वस्वी निराळ्या, फोर-स्ट्रोक इंजिनांच्या गाड्यांवर. जुन्या गाडीचे सिलिंडर आणि पिस्टन आता मूळ कारखान्यातून यावयाचे नाहीत. जे आहेत तेच जपावयाचे आहेत.

ते जपण्यासाठी या इंजिनाचा स्वभाव प्रथम जाणून घ्यावा. ते टू-स्ट्रोक आहे. कार्ब्युरेटरमधून आलेले हवा, पेट्रोल व तेल यांचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये शिरते, तेथे दाबले जाते आणि मग वर सिलिंडरात जाते. मंद चालीत जळालेला वायू सिलिंडरातून पुरता बाहेर पडत नाही. त्यामुळे प्रत्येक भरणा पेट घेईलच असे नाही. मध्येच एखादा ठोका चुकतो, आणि जावाच्या दोन सायलेन्सरांतून तो ओळखीचा, किंचित अडखळता नाद निघतो. हा दोष नव्हे. शिवणयंत्रासारखी सरळ चाल या इंजिनाकडून मागणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय. दोष म्हणावयाचा तो अशा चालीला, जी मूठ सोडल्यावरही चढलेलीच राहते किंवा एका पातळीवर टिकत नाही.

आता क्रँककेस जर मिश्रण ओढणारा भाता असेल, तर त्याला कोठेही भोक असता कामा नये, हे ओघानेच आले. कार्ब्युरेटर जेथे बसतो तेथील गॅस्केट फाटले, किंवा क्रँकशाफ्टच्या टोकांवरील ऑइल सील वयोमानाने कडक झाले, की बाहेरची हवा चोरवाटेने आत शिरते. मिश्रण पातळ होते आणि चाल चढते. मालक स्क्रू सैल करून ती खाली आणतो व समाधान पावतो. चोरवाट मात्र उघडीच राहते. पातळ मिश्रणाने इंजिन भलतेच तापते. शिवाय या इंजिनात तेल पेट्रोलबरोबरच येत असल्याने, मिश्रण पातळ झाले म्हणजे वंगणही तुटपुंजे होते. मग एखाद्या लांबच्या, वेगाच्या प्रवासात पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मागचे चाक एकाएकी जखडते. मंद चालीचा दोष हा अशा वेळी जिवावरचा दोष होतो.

तपासणी अवघड नाही. प्रथम हँडल दोन्ही बाजूंना पुरते वळवून पाहावे. चाल बदलली, तर थ्रॉटलची केबल ताणली जात आहे, एवढाच त्याचा अर्थ. नंतर चालत्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरच्या सांध्यावर साबणाचे पाणी सोडावे. चाल लगेच पालटली, तर चोरवाट तेथेच आहे. सील तपासणे जरा कठीण. पण डायनामोच्या बाजूचे सील गेले असेल तर हवा शिरते, आणि क्लचच्या बाजूचे गेले असेल तर गियरचे तेल ओढले जाऊन सायलेन्सरमधून धुराचे लोट येतात. धूर आणि घटत जाणारे गियर ऑइल, ही खूण पुरेशी आहे.

हवेनंतर पेट्रोल. टाकीच्या झाकणाचे वायुछिद्र, पेट्रोल कॉकची जाळी, फ्लोटची पातळी आणि मंद चालीचा केसासारखा बारीक जेट, या साऱ्यांची स्वच्छता करावी. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते स्वतःबरोबर प्राणवायू आणीत असल्याने मिश्रण थोडे अधिक पातळ होते. ते पाणी शोषते आणि जुन्या रबराला मानवत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवावयाची असेल, तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवलेला बरा.

मग ठिणगी. जुन्या जावाची ठिणगी 6 व्होल्टच्या बॅटरीवर अवलंबून असते, आणि मंद चालीत डायनामोकडून तिला फारशी मदत मिळत नाही. दिवा लावताच इंजिन मलूल होत असेल, तर कार्ब्युरेटरला बोल लावू नये. बॅटरी आणि तारांचे जोड पाहावेत. काँटॅक्ट पॉइंट साफ करून त्यांतील अंतर सुमारे 0.4 मिलिमीटर ठेवावे.

इतके झाल्यावर स्क्रू. इंजिन चांगले तापू द्यावे. हवेचा स्क्रू हळुवारपणे पुरता आत बसवून सुमारे दीड फेरा बाहेर काढावा. तेथून पाव-पाव फेऱ्याने इकडेतिकडे करीत चाल जेथे सर्वांत निर्वेध वाटेल तेथे थांबावे, आणि थ्रॉटलच्या स्क्रूने वेग हवा तितका उतरवावा. नंतर चार-पाच किलोमीटर गाडी चालवून प्लग काढून पाहावा. त्याचे टोक तपकिरी असेल तर ठीक. पांढुरके दिसले, तर चोरवाटेचा शोध पुन्हा पहिल्यापासून घ्यावा.