उतारावरची कारकीर्द

अल्पाइन स्कीच्या शर्यतीत स्पर्धक एकेकटा सुटतो आणि त्याची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. स्लालम, जायंट स्लालम, सुपर-जी आणि डाउनहिल हे तिचे मुख्य चार प्रकार. स्लालममध्ये उंचीतला फरक सुमारे दोनशे मीटरचाच असतो, पण त्यात काठ्यांनी आखलेल्या पन्नास-साठ गेटांमधून नागमोडी वळणे घ्यावी लागतात आणि दोन फेऱ्यांच्या वेळेची बेरीज धरतात. डाउनहिलमध्ये गेटे थोडी आणि वेग अफाट. पुरुषांच्या मोठ्या शर्यतीत वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत आठशे ते अकराशे मीटर उतरायचे असते. रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. तेव्हा गडावरून निघून दोन मिनिटांत अलिबागच्या वाळूच्या पातळीला यावे, एवढी ही उतरण. स्वित्झर्लंडमधील वेंगेनच्या शर्यतीत २०१३ साली योहान क्लारे या फ्रेंच खेळाडूचा वेग ताशी १६१.९ किलोमीटर नोंदला गेला. दोन्ही टोकांच्या प्रकारांत सारखेच तरबेज असणारे खेळाडू फार थोडे. बहुतेकांना लवकरच एक बाजू निवडावी लागते.

आल्प्सच्या गावांत मुले पाच-सहा वर्षांची असताना क्लबात जातात. पुढे ऑस्ट्रियातील श्टाम्ससारख्या शाळांत अभ्यास आणि स्की एकत्र चालतात. सोळाव्या वर्षाच्या सुमारास आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या, म्हणजे ‘फिस’च्या, शर्यतींचे दार उघडते आणि गुणांचा हिशेब सुरू होतो.

हे गुण जितके कमी तितके चांगले. विजेत्यापेक्षा किती मागे राहिलो आणि त्या शर्यतीत उतरलेले खेळाडू किती तोलाचे होते, या दोन्हींवरून ते ठरतात. गुणांवरून सुटण्याचा क्रम ठरतो आणि क्रमावर पुष्कळ काही अवलंबून असते. प्रत्येक स्पर्धकाच्या स्कीची धार वळणावर बर्फ खरवडते, त्यामुळे चाळिसाव्या-पन्नासाव्या स्पर्धकाच्या वाट्याला खोल चर पडलेली वाट येते. हे टाळण्यासाठी आयोजक उतारात पाणी जिरवून तो काचेसारखा टणक करतात, तरी फरक पुरता मिटत नाही. हंगामभर चालणाऱ्या विश्वचषकात स्लालम आणि जायंट स्लालमच्या पहिल्या फेरीतील पहिले तीसच दुसऱ्या फेरीला पात्र ठरतात. नवख्याने वाईट बर्फावरून चांगल्या बर्फावरच्या खेळाडूंना गाठायचे, तेव्हा कुठे त्याचा क्रमांक वर सरकतो. या पेशातील सर्वांत कठीण चढण हीच म्हणावी लागेल. पदकांच्या बातम्यांत ती कधी दिसत नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी स्पर्धकांना मार्ग पाहू देतात. गेटांमधून स्की करत जाण्याची मात्र मुभा नसते. कडेकडेने घसरत, थांबत, प्रत्येक वळणाचा कोन आणि उंचवटा पाठ करायचा. मग सुटण्याच्या जागी डोळे मिटून, तळहाताने हवेत वळणे काढत तीच वाट मनात पुन्हा उतरली जाते. डाउनहिलमध्ये एवढ्यावर भागत नाही. तिथे आधी सरावाची फेरी सक्तीची असते. खेळाडूंमागे एक तंत्रज्ञ असतो. तो रात्री उशिरापर्यंत कानशीने धारा लावतो आणि बर्फाचे तापमान व हवेतील दमटपणा पाहून तळाला वॅक्स चोळतो. स्लालमची स्की पुरुषांसाठी किमान १६५ सेंटिमीटर, तर डाउनहिलची २१८. मोठ्या खेळाडूसोबत अशा अनेक जोड्या प्रवास करतात.

विश्वचषकाचा हंगाम ऑक्टोबरअखेर ऑस्ट्रियातील झोल्डेनला सुरू होतो आणि मार्चमध्ये संपतो. उन्हाळ्यात सराव थांबत नाही. चिली, अर्जेंटिना किंवा न्यूझीलंडचा हिवाळा गाठला जातो, उरलेला काळ हिमनद्यांवर आणि व्यायामशाळेत. वर्षभराच्या या खटाटोपात प्रत्यक्ष शर्यतीचा वेळ काही मिनिटांचाच. बक्षिसाची मोठी रक्कम वरच्या मोजक्यांना मिळते. इटलीत वित्त पोलीस दल आणि ऑस्ट्रियात सैन्य खेळाडूंना पगारी नोकरी देते, म्हणून तिथे मधल्या फळीचा खेळाडूही टिकून राहतो.

गुडघ्याची दुखापत या पेशाला चिकटलेलीच आहे. अमेरिकेची लिंडसे व्हॉन ८२ विश्वचषक शर्यती जिंकून २०१९ मध्ये निवृत्त झाली ती गुडघ्यांमुळे, आणि २०२४ मध्ये परतली ती गुडघ्यात धातूचा भाग बसवून. तिच्याच देशाच्या मिकाएला शिफ्रिनला नोव्हेंबर २०२४ मध्ये किलिंग्टनच्या शर्यतीत पडून पोटाच्या बाजूला खोल जखम झाली. पुढच्या फेब्रुवारीत तिने विश्वचषकातील शंभरावा विजय मिळवला. २०२४-२५ पासून वेगाच्या, म्हणजे डाउनहिल आणि सुपर-जीच्या, शर्यतींत पोशाखाखाली एअरबॅग सक्तीची झाली आहे.

भारतातर्फे या खेळात १९६४ साली इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जेरेमी बुजाकोव्स्की उतरला. १९८८ मध्ये कॅलगरीला शैलजा कुमार ही हिवाळी ऑलिंपिकमधील पहिली भारतीय महिला ठरली. मनालीजवळच्या आंचल ठाकूरने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानात ‘फिस’च्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले.

गुलमर्गजवळच्या तंगमर्ग भागातील आरिफ खानच्या वाटचालीत मात्र गुणांची चढण सर्वांत स्पष्ट दिसते. वडिलांचे स्कीच्या साहित्याचे दुकान असल्याने तो चौथ्या वर्षी स्कीवर उभा राहिला. गुलमर्गला बर्फ उत्तम, पण खात्रीचा हंगाम थोडक्या महिन्यांचा; गुण मिळवायला परदेशीच जावे लागते. पैशांअभावी त्याची २०१८ ची ऑलिंपिक संधी हुकली. बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकसाठी स्लालमची पात्रता त्याने मिळवली ती दुबईच्या बंदिस्त स्की सभागृहात, तर जायंट स्लालमची माँटेनेग्रोत. ऑलिंपिकच्या तयारीसाठी मदत देणाऱ्या केंद्राच्या ‘टॉप्स’ योजनेतून युरोपातील सरावासाठी पैसे मिळाले. पोलाद उद्योगातील जेएसडब्ल्यू समूहाच्या क्रीडा विभागानेही त्याला हात दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंगला गेलेला तो एकटाच भारतीय खेळाडू होता. १३ तारखेला दाट हिमवृष्टीत झालेल्या जायंट स्लालममध्ये जवळजवळ निम्मे स्पर्धक शेवटपर्यंत पोहोचले नाहीत. मागच्या क्रमांकाने सुटलेल्या आरिफने दोन्ही फेऱ्या पुऱ्या केल्या आणि तो ४५वा आला. तीन दिवसांनी स्लालमची पहिली फेरी मात्र त्याला पूर्ण करता आली नाही.