घाट, देश आणि मावळ : भूरूपवाचक शब्दांचे सामाजिक अर्थ

मराठी कथा-कादंबऱ्यांचे भाषांतर करू पाहणाऱ्या अन्यभाषिक अभ्यासकापुढे प्रारंभीच एक अडचण उभी राहते. ‘घाट’, ‘देश’, ‘मावळ’ हे शब्द कोशात पाहिले असता सोपे वाटतात. पण कोशातील अर्थ वाक्यात ठेवला की आशयाचा निम्मा भाग गळून पडतो. ‘तो घाटावरचा आहे’ हे वाक्य वाचून वाराणसीच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर गंगेच्या पायऱ्या येतील. कोकणातील वाचकाला मात्र त्यातून त्या माणसाची बोली, त्याचे अन्न आणि आपल्यात व त्याच्यात असलेले अंतर एकदम जाणवेल. शालेय समाजशास्त्रात भूगोल, नागरिकशास्त्र आणि इतिहास यांची प्रकरणे निरनिराळी असतात. भाषा मात्र असे विभाग पाळीत नाही. भूमीच्या रूपाला दिलेले नाव पुढे राज्यकारभाराचे, त्यातून समाजगटाचे आणि अलीकडच्या काळात पर्यटनाचे नाव कसे होते, हे या तीन शब्दांच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार घडले. या थरांची रचना पायऱ्यांसारखी दिसते. म्हणूनच भूशास्त्रज्ञांनी तिला पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ‘ट्रॅप’ असे नाव दिले. या पठाराची पश्चिमेकडील कड म्हणजे सह्याद्री होय. समुद्राच्या बाजूने तो सरळ कड्यासारखा उभा आहे, तर पूर्वेकडे हळूहळू उतरत जातो. खालची किनारपट्टी ते कोकण आणि पूर्वेकडची सपाटी तो देश. या दोहोंना जोडणारी, डोंगर चढून जाणारी वाट म्हणजे घाट. घाट हे मूळचे वाटेचे नाव आहे, पर्वताचे नव्हे. नाणेघाट किंवा बोरघाट म्हणताना मराठी माणसाच्या मनात वाटच असते. युरोपीय लेखकांनी तो शब्द सबंध पर्वतरांगेला लावला आणि ‘पश्चिम घाट’ हे नाव रूढ झाले. माथ्याच्या लगत पूर्वेस असलेली नद्यांची अरुंद खोरी ती मावळे. सूर्य मावळतो त्या दिशेचा प्रदेश अशी या शब्दाची व्युत्पत्ती सामान्यतः सांगितली जाते.

खोरे हा निसर्गाने आखून दिलेला विभाग असल्यामुळे राज्यकर्त्यांनीही तोच स्वीकारला. पवनेचे पवन मावळ, गुंजवणीचे गुंजण मावळ, मुठेचे मुठे खोरे असे विभाग पडले आणि ‘बारा मावळ’ ही संज्ञा रूढ झाली. खोऱ्याचा वतनदार अधिकारी देशमुख आणि हिशेबाचे दफ्तर सांभाळणारा तो देशपांडे. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. ‘देशमुख’ या शब्दातील देश म्हणजे राष्ट्र नव्हे आणि घाटावरची सपाटीही नव्हे; तो परगण्यासारखा कारभाराचा विभाग आहे. म्हणूनच देशमुख कोकणातही आढळतात आणि वऱ्हाडातही. १९५०च्या कायद्याने मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली. अधिकार गेला, आडनाव राहिले. आणि कादंबरीतील एखाद्या वाड्याची सारी प्रतिष्ठा त्या आडनावात आजही ऐकू येते.

आधुनिक शासनानेही ही नावे टाकली नाहीत. कोकण हा महाराष्ट्राचा एक महसुली विभाग आहे आणि मावळ हा पुणे जिल्ह्यातील तालुका. मात्र आता नाव आणि भूमी यांची सांगड सुटू लागली आहे. २००९च्या निवडणुकीपासून अस्तित्वात आलेल्या मावळ लोकसभा मतदारसंघात पनवेल, कर्जत आणि उरण यांचा समावेश होतो. हे तिन्ही भाग घाटाखालचे, म्हणजे कोकणातले. खोऱ्याचे नाव अशा रीतीने घाट उतरून समुद्रापर्यंत पोहोचले.

समाजगटांच्या बाबतीत हीच प्रक्रिया अधिक खोल गेली. देशस्थ आणि कोकणस्थ ही ब्राह्मणांतील पोटभेदांची नावे उघडपणे भूमीवरून आली आहेत. डोंगरकोळी आणि समुद्रावर उपजीविका करणारे सोनकोळी यांचे व्यवसाय आणि रीतिरिवाज भिन्न आहेत. मावळात राहणारा तो मावळा. परंतु शिवाजी महाराजांच्या प्रारंभीच्या सैन्यात या खोऱ्यांतील माणसांचा मोठा भरणा असल्यामुळे त्या शब्दाला निष्ठावंत शिपाई असा अर्थ आला. आज मावळाशी काडीचा संबंध नसलेला माणूसही स्वतःला अभिमानाने मावळा म्हणवितो.

‘घाटी’ या शब्दाची वाटचाल याच्या नेमकी उलट झाली. घाटावरून मुंबईत मजुरीसाठी उतरलेला माणूस एवढाच त्याचा मूळ अर्थ. पुढे त्यात गावंढळपणाची छटा आली आणि कालांतराने मुंबईतील अमराठी लोक कोणत्याही मराठी श्रमिकाला, प्रत्यक्ष कोकणातून आलेल्यालाही, घाटी म्हणू लागले. भूगोल गळाला आणि हेटाळणी उरली. अशा ठिकाणी भाषांतरकाराने ‘डोंगराळ भागातील रहिवासी’ असे लिहिले, तर अर्थ बरोबर राहील, पण अपमान नाहीसा होईल. आणि पुष्कळदा कथा त्या अपमानाचीच असते.

मराठी प्रादेशिक कादंबरीचे सामर्थ्य या थरांच्या जाणिवेत आहे. श्री. ना. पेंडसे यांचे कोकण, व्यंकटेश माडगूळकरांचा माणदेश किंवा गो. नी. दांडेकरांचे मावळ ही केवळ पार्श्वभूमी नाही. ‘पवनाकाठचा धोंडी’ या दांडेकरांच्या कादंबरीच्या नावातच नदी आणि माणूस एकत्र आले आहेत. इरावती कर्वे यांनीही महाराष्ट्राविषयीच्या आपल्या १९६८च्या इंग्रजी ग्रंथात भूमी आणि लोक यांचा विचार एकत्रच केला होता.

शेवटचा थर पर्यटनाचा. महाबळेश्वर आणि माथेरान ही थंड हवेची ठिकाणे एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी वसविली. तेथे कड्यांचे ‘पॉइंट’ झाले आणि त्यांना गव्हर्नरांची नावे मिळाली. कडा चढण्या-उतरण्याचा, गुरे सांभाळण्याचा, मध काढण्याचा असतो. पॉइंट केवळ पाहण्याचा असतो. २०१२ साली पश्चिम घाटातील निवडक स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. त्यांत कासचे पठार आहे. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले त्याच यादीत आले. त्यांत मावळातील लोहगड आहे. ही मान्यता आनंदाची आहे, यात शंका नाही. मात्र तिच्यामुळे भूमी पुन्हा निव्वळ भूरूप ठरण्याचा धोकाही संभवतो.

पवन मावळ याचे उत्तम उदाहरण आहे. ते प्रथम नदीचे खोरे होते, नंतर देशमुखीचा प्रदेश झाले, मग मावळ्यांचे घर म्हणून ओळखले गेले. पवना धरण झाले तेव्हा त्यातील अनेक शेतकऱ्यांच्या जमिनी जलाशयात गेल्या. आज त्या जलाशयाच्या काठावर पर्यटकांसाठी तंबू उभारलेले दिसतात. पर्यटकाच्या तोंडी पवना म्हणजे एक रम्य तळे. धरणग्रस्ताच्या तोंडी तो शब्द पाण्याखालच्या शेताचा आहे. दोघे उच्चारतात तो शब्द एकच. साहित्याच्या अभ्यासकाने अशा शब्दापाशी थांबून तो कोणाच्या तोंडचा आहे हे आधी विचारावे, आणि मगच त्याचा अर्थ लावावा.