वाढणाऱ्या नखावरचे न वाढणारे नख

घरात एखादे लग्नकार्य झाले की हातांवरची मेंदी आठ-पंधरा दिवसांत फिकी पडते आणि शेवटी नाहीशी होते. पण नखांवर चढलेला मेंदीचा तांबूस रंग इतक्या सहजासहजी जात नाही. तो हळूहळू पुढे सरकतो! आधी नखाच्या मुळाशी एक बारीक कोरी पट्टी दिसू लागते. ही पट्टी दर आठवड्याला रुंदावत जाते आणि काही महिन्यांनी उरलेला तांबूस तुकडा आपण नखाबरोबर कापून टाकतो. हे तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. पण असे का होते याचा कधी विचार केला आहे का?

कारण सोपे आहे. मेंदीतील लॉसोन नावाचे रंगद्रव्य केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटते. तळहाताची वरची त्वचा सतत झडत असते, म्हणून तिच्याबरोबर रंगही जातो. नख झडत नाही. ते मुळाशी तयार होते आणि पुढे ढकलले जाते. मुळाजवळच्या कातडीखाली जिवंत पेशींचा एक कारखानाच असतो. तेथे नव्या पेशी निर्माण होतात, त्या केराटिनने भरतात, चपट्या होऊन मरतात आणि आधीच्या थराला पुढे रेटतात. आपल्याला जे नख दिसते ते अशा मृत पेशींचे, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे पत्र असते. म्हणूनच ते कापताना दुखत नाही. आणि म्हणूनच त्याला इजा झाली तर ते भरूनही येत नाही. खराब झालेला भाग पुढे सरकून कापला जाईपर्यंत वाट पाहावी लागते.

नखाचा वेग

हाताच्या बोटांची नखे महिन्याला सरासरी ३ मिलिमीटर वाढतात, म्हणजे दिवसाला सुमारे ०.१ मिलिमीटर. वर्षाला हा वेग साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास येतो. अटलांटिक महासागर ज्या वेगाने रुंदावत आहे, साधारण त्याच पंक्तीत बसणारा हा वेग आहे!

विल्यम बीन या अमेरिकी डॉक्टरांनी आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखाची वाढ तब्बल ३५ वर्षे मोजली. नखाच्या मुळाशी एक आडवी खूण करायची आणि ती टोकापर्यंत यायला किती दिवस लागतात ते टिपून ठेवायचे, एवढीच त्यांची पद्धत होती. १९८० मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होते. ६७ व्या वर्षी हा वेग ०.०९५ मिलिमीटरवर आला होता. महागडे उपकरण नसतानाही नियमितपणे केलेली मोजणी केवढी माहिती देऊन जाते याचे हे सुंदर उदाहरण आहे.

आता कल्पना करा, या सतत सरकणाऱ्या जमिनीवर कोणी एक पक्के घर बांधले तर काय होईल? कृत्रिम नखांच्या बाबतीत नेमके हेच घडते.

दंतवैद्याचे तुटलेले नख

हल्ली शहरांतून, अगदी तालुक्याच्या गावांतूनही, नखे लांब करून देणारी दुकाने दिसतात. तेथे खऱ्या नखावर कृत्रिम पदार्थाचा थर देऊन त्याला लांबी आणि आकार देतात. या प्रकाराला नेल एक्स्टेन्शन म्हणतात. मुलांनो, हा विषय फक्त मुलींचा असे समजून पान उलटू नका. बोटांच्या नखांनी गिटार छेडणारे कित्येक वादकही आपल्या नखांवर असाच थर देतात.

हा पदार्थ मूळचा दातांच्या दवाखान्यातला. १९५० च्या दशकात अमेरिकेतील फ्रेड स्लॅक या दंतवैद्याचे काम करताना नख तुटले आणि त्यांनी दातांसाठी वापरले जाणारे ॲक्रिलिक घेऊन ते दुरुस्त केले, अशी या धंद्याच्या जन्माची हकीगत सांगतात. दुकानांच्या पाट्यांसाठी वापरतात तो ॲक्रिलिकचा पत्रा, कवळीचा गुलाबी भाग आणि हे नख अशी ही सगळी एकाच घराण्यातील भावंडे आहेत.

त्याचे रसायनशास्त्र असे. मेथॅक्रिलेट वर्गातील एका द्रवाचे लहान लहान रेणू म्हणजे एकवारिके. ती एकमेकांना हात धरून उभ्या राहिलेल्या मुलांच्या रांगेसारखी जोडली गेली की लांबच लांब साखळ्या तयार होतात. या साखळ्यांना बहुवारिक म्हणतात. द्रवाचा घन होतो तो यामुळेच. पण साखळी आपोआप सुरू होत नाही. तिला सुरुवात करून देणारा प्रारंभक लागतो. द्रव आणि भुकटी कालवून केलेल्या नखात बेंझॉइल पेरॉक्साइड हे काम करते. ‘जेल’ प्रकारच्या नखात प्रारंभक प्रकाशाने जागा होतो. म्हणून बोटे दिव्याखाली धरावी लागतात. या दिव्यांतून सुमारे ३६५ ते ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण, म्हणजे जंबुपार आणि त्याला लागून असलेले जांभळे किरण, बाहेर पडतात.

रेणू जोडले जाताना उष्णताही बाहेर पडते. थर जाड असेल तर दिव्याखाली नखाला चटका बसल्यासारखे वाटते. तो चटका मुख्यतः दिव्याचा नसून या रासायनिक क्रियेचा असतो.

दर तीन आठवड्यांनी दुकानात का जायचे?

कृत्रिम नख बसवून झाले, आता काम संपले असे आपल्याला वाटेल. परंतु दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा दुकानात जाऊन ‘इनफिल’ करून घ्यावे लागते. इनफिल म्हणजे मुळाशी पडलेली रिकामी जागा भरून काढणे. पुष्कळांना ही केवळ शोभेची किंवा दुकानदाराच्या फायद्याची गोष्ट वाटते. तुम्ही मात्र शाळेत तरफ शिकला आहात. तेव्हा हे गणित आपण स्वतःच करून पाहू.

बोटाच्या टोकाशी जेथे नख त्वचेपासून सुटे होते तो बिंदू टेकू माना. त्याच्या पुढे नखाची मोकळी लांबी १० मिलिमीटर आहे. टोकावर दार, डबा किंवा पाण्याची बादली यांचे जे बल पडते ते गुणिले ही लांबी, म्हणजे टेकूपाशी नख वाकवणारा आघूर्ण. तीन आठवड्यांत, म्हणजे २१ दिवसांत, नख सुमारे २ मिलिमीटर पुढे सरकले. मोकळी लांबी झाली १२ मिलिमीटर. तेवढ्याच बलाने नख वाकवणारा आघूर्ण आता १.२ पट झाला.

पण गोष्ट येथे संपत नाही. चांगला कारागीर कृत्रिम थर सगळीकडे सारखा देत नाही. जेथे वाकण्याचा ताण सर्वांत जास्त, तेथे तो मुद्दाम थोडा उंचवटा ठेवतो. पुलाची तुळई मध्ये जाड करतात तसाच हा प्रकार. नख सरकले की हा उंचवटाही त्याच्याबरोबर पुढे जातो आणि टेकूवर मागचा पातळ भाग येतो. समजा, तेथे आधी जाडी १.२ मिलिमीटर होती, ती आता १ मिलिमीटर राहिली. पट्टी वाकवताना तिच्यात निर्माण होणारा ताण जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे जाडी कमी झाल्यामुळे ताण १.२ × १.२ = १.४४ पट झाला. लांबीमुळे वाढलेले १.२ पट त्याला जोडा. १.४४ × १.२ = १.७३. केवळ दोन मिलिमीटर सरकण्याने ताण जवळजवळ पावणेदोन पट वाढला!

आपण घेतलेले आकडे उदाहरणादाखल आहेत; प्रत्येक बोटाचे निराळे असतील. पण नियम तोच. अशा वेळी जोराचा धक्का बसला तर कृत्रिम नख एकटे तुटत नाही. ते खऱ्या नखाला घट्ट चिकटलेले असल्याने त्यालाही फाडते किंवा खालच्या त्वचेपासून उचलते. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मिथिल मेथॅक्रिलेटचा शुद्ध द्रव असलेली नखांची उत्पादने बाजारातून काढायला लावली. त्या द्रवामुळे नखांना इजा झाल्याच्या आणि त्वचेला दाह झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या.

म्हणून इनफिल करताना कारागीर आधी लांबी कमी करतो, सुटलेला भाग काढतो, जुन्या थराची कड कानशीने घासून सपाट करतो, कोऱ्या पट्टीवर नवा थर भरतो आणि उंचवटा पुन्हा योग्य जागी आणतो. हे घासणे मात्र हलक्या हाताने व्हायला हवे. दर वेळी खरे नखही घासले गेले तर अर्ध्या मिलिमीटरचे ते पत्र कागदासारखे होते आणि ते पूर्ववत व्हायला सुमारे सहा महिने लागतात.

फटीतले पाणी

आणखी एक अडचण आहे. खरे नख पाणी शोषते, फुगते, वाळल्यावर पुन्हा आकसते. ॲक्रिलिक त्या मानाने फारच कमी पाणी घेते. दोन एकमेकांना चिकटलेले थर वेगवेगळ्या प्रमाणात फुगू लागले की त्यांच्या सांध्यावर ताण येतो. भांडी घासणे, कपडे धुणे असे दिवसातून अनेकदा घडले की कड हळूच उचलली जाते. ही फट केसासारखी बारीक असल्याने केशाकर्षणाने पाणी आत ओढले जाते आणि लवकर वाळत नाही. तेथे स्यूडोमोनास जातीचे जिवाणू वाढले तर नख हिरवे दिसू लागते. त्यावर नवा थर भरून ते झाकणे ही मोठी चूक होय. कृत्रिम नख काढून डॉक्टरांना दाखवणे हाच उपाय.

न जोडलेले रेणू

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. साखळीत पूर्णपणे गुंफलेले बहुवारिक त्वचेला सहसा त्रास देत नाही. खरा धोका आहे तो न जोडल्या गेलेल्या लहान रेणूंचा. ते त्वचेत शिरून शरीरातील प्रथिनांना चिकटू शकतात. शरीराची संरक्षण यंत्रणा मग त्यांना शत्रू म्हणून लक्षात ठेवते. याला ॲलर्जी म्हणतात, आणि एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. बोटांना खाज, फोड आणि भेगा तर येतातच. पण पुढे दात भरताना किंवा कृत्रिम सांधा बसवताना याच घराण्यातले पदार्थ वापरावे लागतात, तेव्हाही अडचण उभी राहू शकते. पंधराव्या वर्षी हौसेने केलेल्या गोष्टीचा हिशेब साठाव्या वर्षी द्यावा लागावा, असा हा प्रकार आहे.

२०१८ मध्ये ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविषयी जाहीर इशारा दिला. घरच्या घरी नखे बसवण्याचे संच वापरताना हा धोका वाढतो. पदार्थ एका कंपनीचा आणि दिवा दुसऱ्याच प्रकारचा असला तर योग्य तरंगलांबीचा पुरेसा प्रकाश मिळत नाही. थर वरून कडक दिसतो, पण आत कच्चा राहतो. द्रव कातडीवर सांडला आणि तसाच राहिला तरी तोच धोका. युरोपीय संघाने २०२० मध्ये ‘हेमा’ नावाचे एकवारिक असलेली नखांची उत्पादने केवळ व्यावसायिकांनी वापरावीत असा नियम केला, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून ‘टीपीओ’ या प्रकाश-प्रारंभकावर सौंदर्यप्रसाधनांत पूर्ण बंदी घातली.

तेव्हा तुमच्या घरी कोणी अशी नखे लावत असेल तर त्यांना एवढे जरूर सांगा: लांबी बेताची ठेवा, इनफिल वेळेवर करा, कड सुटली तर ओढून काढू नका आणि खाज येऊ लागली तर लगेच थांबा.

करून पाहा

डाव्या अंगठ्याच्या नखावर, अगदी मुळाशी, मेंदीचा एक ठिपका द्या. तो रंगला की कातडीच्या कडेपासून त्याचे अंतर मोजा. प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर मिळाला तर उत्तम. नाहीतर कंपासपेटीतील पट्टीही चालेल. दर रविवारी मोजणी करून वहीत तारखेसह नोंदवा आणि आठ आठवड्यांनी आलेखकागदावर दिवस आणि अंतर यांचा आलेख काढा. रेषा सरळ येते का? तिच्या चढावरून नखाचा वेग काढा. करंगळीचे नख अंगठ्याइतक्याच वेगाने वाढते का? आजोबांचे आणि तुमचे नख यांत फरक पडतो का? शिक्षकांनी वर्गातील सर्वांची उत्तरे फळ्यावर मांडून सरासरी काढावी. आणि ती डॉक्टर बीन यांच्या आकड्यांशी ताडून पाहावी.